बोलता येईल इतक्याच वेगानं

पहाटे साडेपाचला व्हॅक्सिन डेपोच्या फाटकाशी
आम्ही सातआठ जण गुडघे चोळत उभे असतो.
ओल्या पाल्याचा वास,
इरफान किल्लेदारच्या स्वेटरला डांबरगोळीचा.
शिवलीला हुक्केरी सगळ्यांत पुढं,
बँकेतनं रिटायर, पायात मुलाचे जुने बूट.
आणि नियम तिचाच:
बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं.
शब्द तुटला की चालायचं. लाजायचं नाही.

पहिल्या दिवशी मी दोनशे पावलांत तुटलो.
धाप नव्हती.
बोलायलाच काही नव्हतं.

एकतीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभा होतो,
तिथं एकतर ओरडायचं, नाहीतर गप्प बसायचं.
घरी आता ओरडण्याचंही कारण नाही.
डॉक्टरांनी शुगर कागदावर लिहून
आकड्याभोवती गोल काढला,
तेवढाच काय तो विषय.

ती म्हणाली, "राती ऊटक्क एन माडिद्री, कंग्राळकर?"
काय केलं म्हणून सांगू?
खानावळीचा डबा. झाकण उघडलं, झाकण लावलं.
एवढ्यात फूटभर अंतरही सरत नाही.

मग पळताना बोलायला काहीतरी हवं
म्हणून मी स्वयंपाक करू लागलो.

मुगाची खिचडी: एक फेरी पुरली.
पहिल्या रेल्वे गेटापाशी घेतलेली अंबाडी
दीड फेरी चालली, कारण शिवलीला तिला पुंडी म्हणते
आणि तुरीच्या डाळीवरून आमचं वाजलं.
अंबाडी म्हणा, पुंडी म्हणा,
दात आंबायचे ते आंबतातच.
इरफान म्हणाला, शेंगदाण्याची चटणी
उखळात कुटलीस तरच मला सांग,
मिक्सरची असली तर पुढच्या माणसाबरोबर पळ.

भाकरीला मात्र तीन आठवडे गेले.
काठ फाटायचे, मधनं चीर जायची,
तव्यावर टाकेपर्यंत कुठल्याच नकाशात न बसणारा
तुकडा होऊन राहायचा.
चढावर, सगळ्यांची छाती भात्यासारखी चालू असताना,
शिवलीला मागं वळून ओरडली,
"बिशी नीर! बिशी नीर हाकरी!"
फिरायला आलेले दोन म्हातारे दचकले.
उकळतं पाणी घातलं त्या दिवशी.
पीठ हाताला पहिल्यांदा माणसासारखं लागलं.

एका गुरुवारी मी डब्यांचं सांगायला लागलो.
फळीवर अकरा डबे, सगळ्यांवर मालिनीचं अक्षर.
'रवा' लिहिलंय त्यात मेथ्या.
'साखर' मध्ये हिंग, पुडीत बांधून.
'पोहे' मध्ये लाईटची बिलं.
कशात काय, तिला पाठ होतं.
तीन वर्षं मी एकेक उघडून बघतोय,
पण नावं बदलली नाहीत, मला ती

इथं शब्द तुटला.
धाप नव्हती.

कुणी काही विचारलं नाही.
नियम तो नियम:
शिवलीला चालायला लागली,
इरफान चालायला लागला,
मागनं येणारी कॉलेजची अंकिता,
जिला कशातलं काही ऐकूच गेलं नव्हतं,
तीही कानातलं काढून चालायला लागली.
"सावकाश," शिवलीला म्हणाली.
हा शब्द तिच्या कन्नडातला की माझ्या मराठीतला,
मी विचारलं नाही.
अर्धी फेरी नुसत्या बुटांचा आवाज.

आता आकडा खाली आलाय, फार नाही.
डॉक्टर अजून गोल काढतात, जरा लहान.
उखळ शेजारच्या सनदींकडनं आणलंय,
परत द्यायचं राहून जातंय.
'रवा'तल्या मेथ्या रात्री भिजत घातल्यात.

फाटकाशी आज धुकं होतं,
एकमेकांचे चेहरे कळेनात.
तिचा आवाज तेवढा आला: राती एन माडिद्री?
भाकरी, म्हटलं.
एका बाजूनं फुगती आता.
"आणि दुसऱ्या?"
थांब, म्हटलं, पळायला तर लागू दे.